युद्धकाळात बोटीवर असलेल्या पूर्वजांचा शोध: आधी जहाज, मग माणूस

गलबत:

कोकणात आणि गोव्यात कितीतरी घरांत एक वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलेलं असतं, "पणजोबा लढाईत बोटीवर होते." त्यापुढे काही नाही. कंपनी कुठली, वर्ष कुठलं, कशाचाच पत्ता नाही. फार तर एक फोटो, एखादं पदक आणि बोटीचं अर्धंमुर्धं नाव. एवढ्यावरून कुठवर पोचता येतं ते एका जागी लिहून ठेवण्यासाठी हा धागा. भर १९३९ ते १९४५ वर आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या: माणूस नौदलात होता की व्यापारी जहाजावर? घरात दोन्हीला सरसकट 'नेव्ही' म्हणतात, आणि तिथेच पहिले सहा महिने वाया जातात. रॉयल इंडियन नेव्ही हे नौदल, त्याचे कागद वेगळे. व्यापारी जहाजावरचा खलाशी हा कंपनीशी करार केलेला नागरिक. घरच्या आठवणीत पी अँड ओ, बी.आय., सिटी लाइन, क्लॅन लाइन, अँकर लाइन, सिंदिया अशी कंपनीची नावं येत असतील, किंवा सारंग, टिंडेल, आगवाला, भंडारी असे शब्द येत असतील, तर तो व्यापारी जहाजावरचाच समजा.

आता मुख्य मुद्दा. माणसाच्या नावाने शोध सुरू करू नका. युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा माणूस भारतीय होता, आणि त्यांची नावं इंग्रज कारकुनांनी कानाला जशी लागली तशी लिहिली. एकाच माणसाचं नाव तीन करारांत तीन तऱ्हांनी सापडतं. जहाजाचं तसं नसतं. ब्रिटिश नोंदणी असलेल्या प्रत्येक जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळे. जहाज विकलं गेलं, नाव बदललं, तरी क्रमांक तोच. मुंबईत किंवा कलकत्त्यात नोंदलेल्या जहाजांनाही हाच नियम. युद्धकाळातले खलाशांचे करार आणि जहाजांच्या रोजनिश्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये याच क्रमांकाने लावलेल्या आहेत. क्रमांक मिळाला की अर्धं काम झालं.

तो क्रमांक लॉइड्स रजिस्टरच्या वार्षिक खंडांत किंवा मर्कंटाइल नेव्ही लिस्टमध्ये मिळतो. लॉइड्सचे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट पाहता येतात. खंड जुलै ते जून असा निघे आणि बुडालेली बोट पुढच्या खंडातून गळे. १९४१ मध्ये बुडालेली बोट १९४३ च्या खंडात शोधत बसू नका, सरळ १९३९-४० चा खंड उघडा. क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर नावावरून क्रमांक आणि क्रमांकावरून नाव, दोन्ही शोधता येतं.

शोधयात्री_७२:

पण बोटीचं नाव पूर्ण नसेल तर? समजा घरात फक्त "सिटी बोट" एवढंच माहीत आहे.

गलबत:

एलर्मन कंपनीच्या ढीगभर बोटींची नावं 'सिटी ऑफ' ने सुरू होत, त्यामुळे "सिटी बोट" हे बोटीचं नाव नाही, कंपनीची खूण आहे. पण तीही उपयोगी. कंपन्यांच्या नावं ठेवण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. क्लॅन लाइनच्या बोटी 'क्लॅन' ने सुरू, सिंदियाच्या 'जल' ने. बी.आय. म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनच्या बहुतेक बोटींची नावं 'आ'कारान्त आणि बरीचशी आपल्याकडच्या ठिकाणांवरून. गेरसप्पा धबधब्यावरून 'गेरसोप्पा' हे त्यातलंच. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं मोडकं नावही टाकून देऊ नका. "तिलवा" म्हणजे तिलावा, "रोना" म्हणजे रोहना. उच्चार कागदावर लिहा, कंपनीच्या ताफ्याची यादी शेजारी ठेवा आणि मोठ्याने वाचत जा. कानाला जुळतं ते डोळ्याला पटकन दिसत नाही.

दुसरी खूण भरतीच्या बंदराची. मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर डेकवरचे लोक बहुधा रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्याचे, सलूनमध्ये (म्हणजे जेवणखाण आणि सरबराईच्या खात्यात) गोव्याचे आणि इंजिनखात्यात पंजाबकडचे किंवा पठाण असत. कलकत्त्याच्या बोटींवर आगवाले सिल्हेटचे, डेकवाले नोआखाली-चितगावचे. रत्नागिरीचा माणूस कलकत्त्याच्या करारावर सापडणं अशक्य नाही, पण शोध मुंबईच्या करारांपासूनच सुरू करावा.

सुकाणी:

हुद्द्यांबद्दल लिहितो, कारण करार वाचताना लोक इथे अडकतात. इंग्रजांनी आपलेच शब्द रोमन लिपीत लिहिले, ते पुन्हा ओळखावे लागतात.

डेकवर: सारंग हा टोळीचा मुकादम, त्याच्या हाताखाली पहिला टिंडेल आणि दुसरा टिंडेल. कसाब म्हणजे दिवाबत्ती आणि डेकचं सामान सांभाळणारा, खाटकाशी काही संबंध नाही. सुकाणी करारात 'सीकनी' असा दिसतो. बाकी खलाशी. सफाईवाला तो टोपस. माणसांचा स्वयंपाकी तो भंडारी, आणि डेकचा भंडारी वेगळा, इंजिनाचा वेगळा.

इंजिनात: तिथेही सारंग आणि टिंडेल असतात, म्हणून नुसतं "सारंग" वाचून डेक धरू नका, शेजारचे हुद्दे पाहा. मग तेलवाला, आगवाला, कोळसेवाला. आगवाला भट्टीत कोळसा मारी, कोळसेवाला बंकरमधून भट्टीपर्यंत आणून देई. सलूनमध्ये बटलर, पॅन्ट्रीमन, जनरल सर्व्हंट, बॉय.

याचा शोधाला उपयोग असा: सारंग बहुधा आपल्याच गावचे, आपल्याच नात्यातले लोक भरती करी. करारावर तुमचा माणूस मिळाला की त्याच्या वरची आणि खालची दहा नावं जरूर उतरवून घ्या. त्यांत भाऊ, मेहुणा, शेजारच्या वाडीचा माणूस सापडतो आणि तुमची ओळख पक्की होते. उलटही चालतं. गावातल्या दुसऱ्या घराकडे सारंगाचं किंवा सोबत्याचं पक्कं नाव असेल, तर त्याच्यावरून तुमची बोट सापडते.

मोडी_वाचक:

नावं आणि गावं. यावर घाई करू नये.

भारतीय खलाशांच्या करारात साधारणपणे नाव, बापाचं नाव, वय, गाव-जिल्हा आणि आधीची बोट येते. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. घरात सगळे आडनावाने शोधतात आणि हात हलवत परत येतात. स्वतःचं आणि वडिलांचं नाव घ्या, आडनाव बाजूला ठेवा. वयावर फार विसंबू नका, चार-पाच वर्षं इकडेतिकडे सर्रास असतात.

इब्राहिम 'आय'ने शोधून मिळाला नाही तर 'ई'ने शोधा. दाऊद दोन 'ओ' आणि डब्ल्यू घालून असतो. हुसेन 'ओ'ने लिहिलेला सापडतो. महंमद तर पूर्ण लिहितात, नाहीतर 'एम-डी' असा आखूड करतात. शेखचा 'एस-के' होतो. हिंदू नावांत 'व'ची व्ही आणि डब्ल्यू अशी दोन रूपं, आणि शेवटचा 'जी' किंवा 'बा' कधी आहे, कधी नाही. गोव्याच्या नावांत 'डी' कधी जोडून, कधी तोडून. वर्णक्रमाच्या यादीत डिसोझा 'डी'खाली नसेल तर 'एस'खाली असतो.

गावांसाठी जुने उच्चार लक्षात ठेवा. वेंगुर्ल्याचं व्हिंगोर्ला, विजयदुर्गाचं व्हिझियाड्रुग, मालवणचं मालवन, बाणकोटचं बँकोट. जिल्हे तेव्हाचे वाचा. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आजचा रायगड म्हणजे कुलाबा. मुरुड-श्रीवर्धनकडचा माणूस जंजिरा संस्थानचा आणि सावंतवाडीचा माणूस त्या संस्थानचा म्हणून नोंदलेला असू शकतो. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे तिथल्या माणसाचं राष्ट्रीयत्व 'पोर्तुगीज' लिहिलेलं दिसलं तर माणूस चुकला असं समजू नका.

कागदवेडी:

माणूस परत आला नसेल, तर सगळ्यात आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. फुकट आहे.

लोक टॉवर हिलच्या स्मारकात शोधतात. लंडनच्या त्या स्मारकावर दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी खलाशांची जवळजवळ २४,००० नावं आहेत, पण आपली माणसं बहुतांशी तिथे नाहीत. त्यांची नावं मुंबई/चितगाव १९३९-१९४५ स्मारकात आहेत. हे स्मारक नोंदवहीच्या रूपात आहे, एकच यादी दोन्ही शहरांसाठी, आणि तीत सहा हजारांहून जास्त नावं आहेत. म्हणजे एकाच बोटीवर एकाच रात्री गेलेले लोक दोन ठिकाणी विभागले गेलेत: इंग्रज अधिकारी टॉवर हिलवर, भारतीय खलाशी या वहीत. एखाद्याचा देह किनाऱ्याला लागून दफन झाला असेल, तर तो तिसऱ्याच ठिकाणच्या दफनभूमीखाली. बोटीचं पूर्ण चित्र हवं असेल तर स्मारकाची अट काढून फक्त बोटीच्या नावाने शोधा. निकालाची यादी तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येते, ती घ्या आणि वडिलांच्या नावाने लावा.

शोधताना सेवा 'इंडियन मर्चंट नेव्ही' अशी दिसेल. नोंदीत हुद्दा, बोट, तारीख, वय आणि नशीब असेल तर "अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा" एवढं मिळतं. बरेचदा शेवटचा भाग रिकामा असतो.

आता दोन सापळे. एक, तारीख. बोटीबरोबर बेपत्ता झालेल्या सगळ्यांना बहुधा बोट बुडाल्याचीच तारीख दिलेली असते. लाइफबोटीत पुढे काही दिवस जगलेल्यांचीही. 'सिटी ऑफ बनारस' १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री यू-४८ या पाणबुडीने बुडवली आणि तिची १२ क्रमांकाची लाइफबोट आठ दिवसांनी, २५ सप्टेंबरला सापडली. तीत बरेचसे भारतीय खलाशी होते, जिवंत. म्हणजे तारखेवरून माणसाचा शेवट कसा झाला हे ठरवू नका.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं: व्यापारी खलाशाचं नाव या यादीत येण्यासाठी मृत्यू शत्रूच्या कारवाईमुळे झालेला असावा लागतो. न्युमोनियाने गेलेला, भट्टीसमोर उष्माघाताने कोसळलेला, गोदीत पडून गेलेला माणूस यादीत नसतो. तो क्यूच्या बीटी ३३४ या मालिकेत, समुद्रावरच्या मृत्यूंच्या नोंदवह्यांत शोधावा ('बीटी' म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेड या ब्रिटिश खात्याची खूण). यादीत नाव नाही म्हणून घरची आठवण खोटी ठरत नाही.

शोधयात्री_७२:

एका नोंदीत बोटीपुढे कंसात 'ग्लासगो' आहे. घरच्यांच्या मते बोट मुंबईची होती. मग बोट वेगळी धरायची का?

कागदवेडी:

नाही. कंसातलं गाव हे नोंदणीचं बंदर. कोकणातले लोक ज्यांवर मुंबईहून चढत त्या कितीतरी बोटी ग्लासगो, लंडन नाहीतर लिव्हरपूलला नोंदलेल्या होत्या. उलट हा कंस जपून ठेवा. एकाच नावाच्या दोन बोटी निघाल्या की नोंदणीचं बंदर, बांधणीचं वर्ष आणि टनभार या तिन्हींवरूनच त्या वेगळ्या करता येतात.

गलबत:

कराराच्या कागदांबद्दल सविस्तर, कारण खरा खजिना इथेच आहे.

मालिका बीटी ३८१. सगळं अधिकृत क्रमांकाने. करार ज्या वर्षी संपला त्या वर्षाच्या गठ्ठ्यात तो असतो, सुरू झाला त्या वर्षाच्या नाही. भारतीय खलाशांचा करार बरेच महिने चाले, युद्धात तर लांबतच गेला. १९४० च्या पावसाळ्यात चढलेला माणूस १९४१ किंवा १९४२ च्या गठ्ठ्यात निघतो. बोट बुडाली असेल तर बुडाल्याचं वर्ष पाहा.

बुडालेल्या बोटीवरचे मूळ कागद बोटीबरोबर गेले. उरते ती निघताना किनाऱ्यावर ठेवलेली कराराची प्रत. त्यामुळे मधल्या बंदरात चढलेली-उतरलेली माणसं तीत नसण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं. ज्या माणसाला आजारी म्हणून केपटाउनला उतरवलं, तो प्रतीत बोटीवरच दिसतो.

भारतीयांचे करार वेगळ्या नमुन्यावर, वेगळ्या कागदांवर होत. गठ्ठा उघडल्यावर पहिल्या पानांवर फक्त इंग्रज अधिकारी दिसले की लोक बंद करतात. पुढे पाहा, मोठे घडी घातलेले ताव शेवटी असतात. दुसऱ्याकडून प्रती मागवत असाल तर विनंतीतच स्पष्ट लिहा की भारतीय खलाशांची, म्हणजे 'लास्कर' करारांची पानं हवीत. नाहीतर पहिल्या आठ पानांचे पैसे भरून हाती काहीच लागत नाही.

आणखी एक कारण, ज्यामुळे बरोबर बोट असूनही माणूस सापडत नाही: लास्कर करारात खलाशाला त्याच मालकाच्या दुसऱ्या बोटीवर हलवण्याची मुभा होती. त्यामुळे माणसाचं नाव मूळ बोटीच्या करारावर आणि तो प्रत्यक्षात बुडाला दुसऱ्या बोटीवर, असं घडतं. बोटीच्या गठ्ठ्यात नाव नसेल तर त्याच कंपनीच्या, त्याच सुमारास त्याच बंदरात असलेल्या बोटी तपासा.

करारासोबत बोटीची अधिकृत रोजनिशी असेल तर ती पूर्ण वाचा. हवामान आणि दिशा यांची वही ती नव्हे. हिच्यात दंड, आजार, पळून गेलेले, मृत्यू आणि समुद्रात दिलेली मूठमाती यांच्या नोंदी असतात, अक्षांश-रेखांशासकट. मेलेल्या खलाशाचा उरलेला पगार आणि सामानाची यादीही मिळते: दोन लुंग्या, एक ट्रंक, एक घोंगडी... एका माणसाच्या आयुष्याचा हिशेब अर्ध्या पानात. हे पान मिळालं की घरच्यांना सावकाश द्या.

१९३९ च्या शेवटच्या महिन्यांत "कामास नकार" अशी नोंद दिसली तर तिचा संदर्भ पाहा. त्या शरद ऋतूत ब्रिटनच्या बंदरांत भारतीय खलाशांनी पगारवाढीसाठी आणि युद्धभत्त्यासाठी मोठे संप केले, काहींना तुरुंगवास झाला आणि पगार वाढलेही. ती नोंद पूर्वजाच्या वागणुकीवरचा डाग नाही.

मोर्स:

बोट कुठे कुठे गेली ते काढायचं असेल तर बीटी ३८९, जहाजांच्या हालचालींची कार्डं. जहाजाच्या नावाने लावलेली आहेत आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून उतरवता येतात. बंदरं आणि तारखा आखूड अक्षरांत असतात. प्रत्येक ओळ समजण्याचा हट्ट धरू नका. आधी मुंबई, एडन, डर्बन, फ्रीटाउन अशी ओळखीची बंदरं लावून घ्या, मधल्या जागा आपोआप सुटतात.

काफिल्यांसाठी, म्हणजे संरक्षणात एकत्र जाणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांसाठी, कन्व्हॉयवेब हे संकेतस्थळ. जहाजाच्या नावाने शोधलं की त्याच्या फेऱ्या मिळतात. अक्षरांचा अर्थ थोडक्यात: एस.एल. म्हणजे सिएरा लिओनहून ब्रिटन, एच.एक्स. म्हणजे हॅलिफॅक्सहून ब्रिटन, ओ.बी. म्हणजे लिव्हरपूलहून बाहेर निघालेला, बी.एम. म्हणजे मुंबईहून सिंगापूरकडे.

इथे एक चूक वारंवार होते. काफिल्यात नाव आहे म्हणून बोट काफिल्यातच बुडाली असं गृहीत धरतात. गेरसोप्पा हे उदाहरण पाहा. ती एस.एल. ६४ मध्ये होती. वाईट हवामानात कोळसा पुरेना म्हणून ती काफिल्यातून बाहेर पडून आयर्लंडकडे वळली आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये यू-१०१ ने पाणतीर मारला तेव्हा एकटी होती. त्यातून फक्त एक अधिकारी वाचला. तिच्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. २०११ मध्ये बोट समुद्रतळाशी सापडली तेव्हा सगळीकडे तिच्यावरच्या चांदीचीच चर्चा झाली. तिच्या करारावरची नावं मात्र ज्यांची आहेत, त्यांच्या घरी पोचायला हवीत.

पाणबुडीने बुडवलेल्या बोटींसाठी यूबोट डॉट नेट वर बोटवार पान आहे: तारीख, जागा, माल, बरेचदा माणसांची यादीही. भारतीयांची यादी तिथे अपुरी असू शकते, म्हणून ती कमिशनच्या यादीशी ताडून पाहा. जपानी पाणबुडी, विमानं यांनी गेलेल्या बोटी तिथे नसतात. तिलावा २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी आय-२९ ने बुडवली. रोहना २६ नोव्हेंबर १९४३ ला अल्जीरियाच्या किनाऱ्यासमोर, के.एम.एफ. २६ काफिल्यात, विमानातून सोडलेल्या दूरनियंत्रित बॉम्बने गेली. आणि तिलावावर प्रवासीही खूप होते. प्रवाशाला खलाशांच्या यादीत शोधू नका.

रापणकर:

शत्रूच्या हाती लागलेल्यांचं काय? काही घरांत "जर्मनीत कैदेत होते" असं सांगतात.

कागदवेडी:

तसे बरेच होते. जर्मनांच्या सशस्त्र व्यापारी जहाजांनी हिंदी महासागरात ब्रिटिश बोटी पकडल्या आणि माणसं उचलली. त्यांतल्या 'अटलांटिस'ने पकडलेल्यांपैकी बऱ्याच जणांना १९४० च्या शेवटी 'दुर्मितोर' नावाच्या जहाजावरून इटालियन सोमालीलँडला नेलं होतं, आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश सैन्याने तो भाग घेतल्यावर ते सुटले. म्हणजे "आफ्रिकेत कैदेत होते" हेही खरं असू शकतं. जर्मनीतली छावणी बहुतेक वेळा मिलाग नोर्ड, ब्रेमेनजवळच्या वेस्टरटिम्के गावातली. व्यापारी खलाशांसाठीची तीच.

कागद दोन ठिकाणी. क्यूमध्ये बीटी ३७३, यात बुडालेल्या-पकडलेल्या जहाजांच्या माणसांची पाकिटं आणि युद्धकैद्यांची कागदपत्रं आहेत. दुसरं, जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती. ते वर्षातून ठरावीक वेळीच, मर्यादित संख्येत अर्ज घेतात. तेव्हा अर्ज उघडण्याआधीच नावाची सगळी रूपं, वडिलांचं नाव, बोट आणि पकडल्याचा महिना तयार ठेवा. अर्जात एकच शुद्धलेखन लिहिलं तर तेवढंच शोधलं जाण्याचा धोका आहे.

सुकाणी:

घरच्या कागदांबद्दल राहिलं. ट्रंकेत सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे नल्ली, खलाशाच्या नोकरीची वही. प्रत्येक फेरीला बोट, क्रमांक, चढल्या-उतरल्याची तारीख आणि दोन शेरे. 'व्ही.जी.' म्हणजे व्हेरी गुड, एक कामासाठी आणि एक वर्तनासाठी. 'डी.आर.' म्हणजे शेरा देण्यास नकार, आणि तो वाईटच समजला जाई. प्रवासाच्या रकान्यात बहुधा नुसतं 'फॉरेन' असतं, त्यावरून मार्ग कळत नाही. नल्ली फोटोसाठी दाबून सपाट करू नका, शिवण तुटते. उघडेल तितकीच उघडून, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कोरी पानंसुद्धा, कारण मागच्या पानाचा शिक्का उमटलेला असतो.

पदकांनी फार आशा लावू नका. ब्रिटनने व्यापारी खलाशांना दुसऱ्या महायुद्धासाठी दिलेल्या पदकांवर नाव कोरलेलं नसतं. अटलांटिक स्टार, बर्मा स्टार यांवरून तो कुठल्या समुद्रात होता एवढाच अंदाज येतो. पहिल्या महायुद्धाचं कांस्याचं मर्कंटाइल मरीन पदक मात्र कडेला नाव घेऊन येतं, ते भिंगाखाली जरूर पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांची नोंद बीटी ३९५ मध्ये आहे. शौर्याची पदकं आणि प्रशस्ती लंडन गॅझेटमध्ये फुकट शोधता येतात. तिथे 'सारंग', 'टिंडेल' हे शब्द बोटीच्या नावासोबत टाका.

मोडी_वाचक:

लोक बीटी ३७२ आणि बीटी ३८२ बद्दल वाचून तिकडे धावतात, म्हणून सांगतो. त्या ब्रिटिश नोंदणीतल्या खलाशांच्या मालिका, आणि ३८२ चे मुख्य भाग प्रामुख्याने युरोपीय नावांचे. आपल्या माणसांच्या नल्ल्या मुंबई-कलकत्त्याच्या शिपिंग मास्टरकडून निघत. तिथे नाव मिळालं तर उत्तम, पण सुरुवात तिथून नको.

आपल्याकडची दारं: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ. वाणिज्य खात्याच्या फायली तिथे पाहा. शोधशब्द 'लास्कर', 'सीमेन' आणि बोटीचं नाव, रोमन लिपीत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य अभिलेखागार, तिथे जुन्या मुंबई सरकारच्या मरीन खात्याचे खंड आहेत. या फायलींत एकेका खलाशाचं नाव क्वचितच येतं, नुकसानभरपाई, तक्रारी, पगारवाटप यांवरचा पत्रव्यवहार येतो. पण एखाद्या बोटीच्या वारसांची यादी जोडलेली निघाली तर तीत गावं असतात, जी करारातही नसतात. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या अर्थखात्याच्या, एल/ई ने सुरू होणाऱ्या मालिकांत लास्करांवरच्या फायली आहेत. पी अँड ओ आणि बी.आय.चे कंपनीचे कागद ग्रिनिचच्या नॅशनल मरीटाइम म्युझियममध्ये.

गोव्याच्या घरांसाठी मुंबईतले कूड विसरू नका. धोबीतलाव-माझगाव भागात गावागावाचे क्लब होते, बोटीवरून उतरलेला माणूस तिथे राही. गावाच्या कुडाची सभासदवही टिकली असेल तर बोट नाही, पण वर्षं मिळतात.

रापणकर:

पहिल्या महायुद्धासाठी यातलं किती लागू पडतं?

गलबत:

रीत तीच, कागद कमी. १९१५ चे करार नावावरून फुकट शोधता येतात, ते नॅशनल मरीटाइम म्युझियम आणि नॅशनल आर्काइव्ह्जने मिळून चढवलेत. बाकी वर्षांसाठी कॅनडातल्या सेंट जॉन्सचं मरीटाइम हिस्टरी आर्काइव्ह पाहा. १८६३ ते १९३८ या काळातले साधारण ७० टक्के करार तिथे आहेत, तेही अधिकृत क्रमांकाने. मृतांसाठी मुंबई १९१४-१९१८ स्मारक, मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये, दोन हजारांहून जास्त नावं. ती जागा प्रत्यक्ष पाहता येते, पण जाण्याआधी परवानगीची चौकशी करा.

शोधयात्री_७२:

आणि कागद मिळाले, मृत्यू शत्रूच्या कारवाईतच झाल्याचं रोजनिशीत स्पष्ट आहे, तरी कमिशनच्या यादीत नाव नाही. मग?

कागदवेडी:

मग नाव घालून घ्यायचं. कमिशन पुराव्यासह अर्ज स्वीकारतं. तीन गोष्टी जोडा: माणूस त्या बोटीवर होता याचा कागद, म्हणजे करार किंवा नल्लीचं पान. मृत्यूची समकालीन नोंद, म्हणजे रोजनिशी किंवा बीटी ३३४. आणि मृत्यूचं कारण युद्धाचं होतं हे दाखवणारा कागद. मृत्यू ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत असावा लागतो. घरची आठवण पत्रात लिहा, पण ती पुरावा म्हणून धरत नाहीत. प्रत्येक प्रतीवर मालिका आणि गठ्ठ्याचा क्रमांक पेन्सिलीने नोंदवा, नाहीतर तीच पानं पुन्हा शोधायची वेळ येते. आणि नाव कसं लिहिलं जावं ते अर्जातच ठरवून द्या, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. कारकुनाने केलेलं शुद्धलेखन वहीत कायमचं राहू नये.

सुकाणी:

अर्ज करण्याआधी त्याच बोटीची बाकीची नावंही ताडून पाहा. एक गळलं असेल तर शेजारचं दुसरंही गळलेलं असू शकतं, आणि त्याच्यासाठी अर्ज करणारं कदाचित कुणी उरलेलं नसेल. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवा.